भोक आणि वाकण

स्क्रीनवर सगळं निमूट असतं.
पत्रा कागदाहून आज्ञाधारक,
नव्वद म्हटलं की नव्वदलाच वाकतो.
त्या वाकणापासून दोन मिलिमीटरवर
मी एक भोक पाडलं होतं,
गोल, निळ्या रेषेतलं, सुबक.
ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्याचा ब्रॅकेट,
दीड मिलिमीटर पत्रा,
माझं पहिलं ड्रॉइंग.

उद्यमनगरातल्या आपल्या शेडमध्ये
दस्तगीर शिकलगारांनी चष्मा कपाळावर सरकवून
ते बघितलं. बराच वेळ.
"म्याडम, ह्ये भोक हितंच पायजे?"
मी म्हटलं, हो.
"बरं," म्हणाले, आणि चहा सांगितला.

चार दिवसांनी नमुना हातात ठेवला.
भोकाचं अंडं झालं होतं,
अंगाला घट्ट होत गेलेल्या ब्लाउजचं
काजं ताणतं, तसं.
बोल्ट अर्ध्यात अडकला.
मी तो उगाच फिरवत राहिले.

"पत्रा वाकतो तवा भायल्या अंगाला ताणतोय,
आतल्या अंगाला दबतोय.
त्येच्या वाटंत कोण हुबं ऱ्हायलं
की त्येचं असं हुतंय.
जाडीच्या दुप्पट लांब सरका,
वर वाकणाची त्रिज्या धरा.
मग गोल ते गोल."

त्यांनी आणखी एक दाखवलं.
पत्रा ज्या दिशेनं लाटला गेला
त्या रेघांना समांतर वाकवला तर
कोपऱ्यावर केसाएवढी चीर जाते.
आडवा वाकवला तर जात नाही.
हे मी परीक्षेत लिहिलं होतं, पाच गुणांना.
नखाला लागली ती चीर त्या दिवशी पहिल्यांदा.

आणि डाय नव्वदची का नाही?
"अठ्ठ्याऐंशीला दाबायचा. सुटला की नव्वदला येतो.
सोडल्याव जरा माघारी येणारच त्यो,
त्यात त्येच्यावर चिडायचं काय?"

प्रत्येक मापापुढे मी
अधिक-उणे पाच शतांश लिहिलं होतं,
बाराही मापांपुढे,
मुलाखतीला इस्त्रीचे कपडे घालतात तसं.
त्यांनी पेन्सिलीनं दोन ठेवली, दहा खोडली.
"दिव्याला काय कळतंय हो?
पैसं मातूर ग्राईंडिंगवाला घेतोय."

*

ही गोष्ट इथंच संपली असती तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरात माल सुरू झाला,
गोकुळ शिरगावच्या प्रेसवर, दिवसाला बाराशे नग.
मी रुबाबात बघायला गेले.
पॅकिंगच्या टेबलाशी शेवंताबाई हुजरे
बोटांना जुन्या साडीच्या चिंध्या गुंडाळून बसलेल्या,
आठ बोटांना. अंगठे मोकळे,
मोजायला लागतात म्हणून.
मी एक नग उचलला, कडेवरून बोट फिरवलं.
पंच पत्र्यातून पार होतो तिथं
एका बाजूला बर उरते,
पाव केसाएवढी, करवतीसारखी.
ती कुठल्या बाजूला यावी
हे माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हतंच.
डाय करणाऱ्यानं सोयीची बाजू घेतली.
डाय दस्तगीरांचीच होती.
मी विचारलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले,
मग एवढंच, "लिवलं नव्हतं."

दुसऱ्या आवृत्तीत मी एक ओळ घातली:
बर आतल्या बाजूस. बाहेरच्या कडा बोथट.
पुण्याहून गिऱ्हाइकाचा फोन आला,
याचा फिटिंगशी काय संबंध,
नगामागे चाळीस पैसे का वाढले?
मी म्हटलं, हातात येतो.
काय?
पार्ट, म्हटलं, हातात येतो.
पलीकडे कॅल्क्युलेटरच्या कळा वाजल्या.
पंचवीसवर मिटलं.

दस्तगीरांच्या शेडमध्ये भिंतीला एक लांब खिळा आहे.
त्यावर फसलेले पहिले नमुने,
मागून खडूनं नाव आणि तारीख.
माझा अंड्याच्या भोकाचा तिथंच आहे,
'चिखलीकर म्याडम, १४ जून.'
ब्रॅकेटच्या डायचा पहिला तुकडाही
नंतर त्यांनी तिथंच अडकवला,
बर बाहेर असलेला.
त्याच्या मागे लिहिलंय, 'दस्तगीर.'
तारीख घातलेली नाही.
शेजारचा प्रेस पडतो तेव्हा
सगळा खिळा किणकिणतो.