सेहेचाळीस नंबर

पहिल्या वर्षाला आधी पुस्तक मागत नाहीत,
बरणी मागतात.
"प्रत्येकीनं वीस काढलेले दात आणायचे,"
पाच्छापुरे मॅडम म्हणाल्या, "कुठून, ते मला सांगायचं नाही."

बेळगावहून शनिवारची निपाणी बस.
मांडीवर लोणच्याची धुतलेली बरणी, चार बोटं फॉर्मॅलिन.
दोड्डण्णावर डॉक्टरांनी सात दिले,
सातही तंबाखूनं मानेशी काळे.

हौसाआत्या सुपात पानं घेऊन विड्या वळत होती.
"एवढ्यासाठी वणवण करायलीस?
माझी घे की. उजवीकडची, खालची. दोन वर्सं हलायलीय."
मी म्हटलं, अशी घेत नसतात.
पुढच्या शनिवारी तिनं हातावर ठेवली,
तेंदूच्या पानात गुंडाळून, दोऱ्यानं बांधलेली.
परत येताना संकेश्वरला शेजारच्या बाईनं विचारलं, "एन अदु?"
"हल्लु," मी म्हटलं.
ती सरकून बसली.

वर मुकुट, खाली मुळं,
मधे मान. दातालाही मान असते, मला ठाऊक नव्हतं.
तिथं इनॅमल संपतं, सिमेंटम सुरू होतं.
बहुतेकांत एक दुसऱ्यावर चढतं,
काहींत काठाला काठ लागतो,
थोड्यांत दोन्ही पोचतच नाहीत
आणि उघड्या डेंटिनला गार पाणी झोंबतं.
भाग्यश्री हुक्केरीनं हे कन्नडमध्ये उतरवलं, मी मराठीत.
आकृती दोघींचीही वाकडी.

गालाकडची बाजू बकल, जिभेकडची लिंग्वल,
मध्यरेषेकडं तोंड केलेली मेसियल, पाठ केलेली डिस्टल.
उजवी म्हणजे पेशंटची उजवी, तुमची नव्हे,
हे आठवडाभर चुकतं.
पुस्तकातल्या दाढेला पाच उंचवटे.
आत्याच्या दाढेवर दोन, तेही मोजायचे म्हणून;
बाकीचे भाकरीत गेले, मिश्रीत गेले.
मुळं मात्र दोन्ही शाबूत, फाकलेली,
सूप मांडीवर घेऊन बसल्यासारखी.

या दाढेचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला
तर इनॅमलमध्ये एक काळपट रेष सापडते म्हणे,
बाळ जन्मलं त्या वेळची.
दाढ हिरडीबाहेर यायला पुढं सहा वर्षं लागतात,
रेष आधीच पडलेली असते.
आत्याची जन्मतारीख एक जून, मास्तरांनी घातलेली.
"मी झाले तवा हितं मुंबईचं राज्य होतं,
आणि गुऱ्हाळं पेटली होती."
तिच्याकडं एवढाच दाखला.

बसण्णानं चाक सुरू करून दिलं.
मी बरणीतली दुसरी घेतली, कुणाची तरी.
काप जाड झाला. काहीच दिसलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या सरांनी नेमकी आत्याची उचलली.
"नंबर?"
"सेहेचाळीस."
"उजवी कशावरून?"
मुळं मागं कललेली, मुकुट जिभेकडं झुकलेला,
मी धडाधड सांगत गेले.
ती आता घास डाव्या गालात ठेवते,
माझं नाव घेताना उजवीकडून थोडी हवा सुटते,
हे सांगायचं राहिलं.

दहापैकी आठ.
दाढ पुसून त्यांनी ट्रेमध्ये परत ठेवली,
डाव्या दाढांच्या रांगेत.
सगळे गेल्यावर मी ती उचलून
जागेवर लावली.