मुकं जनावर

उदगीरच्या नाक्यावर, मोईन उस्तादाच्या पत्र्याखाली
डुक्कर फियाट तीन दिवस बसून आहे.
अण्णा असते तर म्हणाले असते, रवंथ करतेय.

अण्णा गुरांचे डॉक्टर. पेशंट बोलत नसत,
म्हणून धन्याला विचारायचे,
कधीपासून? पाणी पिते का? शेण कसंय?

उस्तादही तेच विचारतो.
थंडीत बसती का तापल्यावर?
चढाला का सपाटीला?
आधी खोकती, का एकदमच जाती?
मी म्हणते, खोकते.
तो सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवतो,
हुंगतो, मला दाखवतो. काळं.
"पेट्रोल लई खाऊलाली. हवा कमी."
चोकची तार गंजून अडकलेली.
दीड वर्ष गाडी चोकवरच चालत होती
आणि मी म्हणत होते, म्हातारी झाली.

मग एकातून एक निघत गेलं.
प्लग तीन काळे, एक ओला.
पोरगा रिहान वायर हातात धरून म्हणाला, मारा सेल्फ,
आणि झटका बसल्यावर त्यानं आईला हाक मारली.
"करंट हाय," उस्ताद म्हणाला. "पुढं बघू."
पॉइंट घासले. फट मोजायची पाती
कुणीतरी उसनी नेलेली, ती परत येणार नव्हती.
डिकीत अण्णांचं खोकं अजून तसंच.
लाळ्या-खुरकुताच्या लसीचा पुठ्ठा फाडून
त्यानं फटीत सरकवला.
ना घट्ट, ना सैल.

कप्प्यात स्टेथोस्कोप सापडला.
उस्तादानं नळ्या कानात घातल्या, चकती टॅपेटच्या झाकणावर.
चहाच्या गाड्यावरची माणसं उठून आली.
काय म्हणतीय?
"थांबा की. बोलूलाली."

दोन नंबरला बारीक टकटक.
काढायला दहा मिनिटं, पण तो पाना हातात घेऊन थांबला.
"ही डॉक्टरसाब असल्यापासून हाय.
मी दोनदा म्हनलं, काढतो.
म्हनले, राहू दे मोईन, रात्री घरी कळतं."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
पण आई अंधारात कान देऊन
एकदम उठायची, तवा ठेवायची.
गाडी दिसायच्या कितीतरी आधी.
ते मी पाहिलेलं.

राहू द्या, म्हटलं.

परवा लातूरला निघाले. एप्रिल, दुपारचे दोन.
नळेगावच्या अलीकडे गाडी न खोकता गेली.
उस्तादानं बजावलं होतं,
या दिवसांत पेट्रोल नळीतच उकळतं,
पंपावर ओलं फडकं टाका आणि घाई करू नका.
फडकं होतं. बाटली मीच पिऊन संपवली होती.

रस्त्याकडेला शेडनेट, मिरचीची रोपं,
एक बाई खुरपं घेऊन बाहेर आली.
पाणी मिळेल का थोडं?
"माणसाला का गाडीला?"
खोटं बोलावंसं वाटलं. गाव टँकरवर होतं.
गाडीला, म्हटलं.
ती आत गेली. बराच वेळ आलीच नाही.
आली तेव्हा हातात जर्मनचं पातेलं.
"भांडी विसळल्यालं हाय. चालतं का हिला?"
चालतं.

फडकं पंपाला गुंडाळलं. वाफ उठली, राखेचा वास आला.
आम्ही दोघी लिंबाखाली बसलो. तिचं नाव गयाबाई.
मधेच उठून तिनं बॉनेटला हात लावून पाहिला,
उलटा, जसा लेकराच्या कपाळाला लावतात.
"उतरलंय जरा."

तिसऱ्या सेल्फला धरली.
टकटक सुरू झाली.
गयाबाई वाकली, "आवाज येऊलालाय की आतून."
येऊ द्या, म्हटलं.

आता उजवा इंडिकेटर लावला की डावाही लागतो.
ते सोमवारी बघू.