सहाच्या खाली

रात्री अडीचला अंगठा जागा झाला,
उजव्या पायाचा. बाकीचा मी झोपेतच होतो.
कोकिळाची मलमलची ओढणी अंगावर होती,
दीडशे ग्रॅमही नसेल
(कापडाचं वजन मला हातानं कळतं)
ती अंगठ्यावर जात्याच्या पाळीसारखी बसली.
काढ ती, मी ओरडलो.
तिला वाटलं, विंचू.

उजाडलं तेव्हा अंगठा लाल, ताणलेला, चकचकीत.
अमळनेरात त्रेचाळीस चालू होतं,
लग्नसराई, तेरा सफाऱ्या, चाळीस ब्लाउज,
आणि मशिनचं पायडल गप्प.

पानवाला म्हणाला, ठेच लागली असेल.
आत्या म्हणाली, कानबाईच्या रोटात काही चुकलं.
कुणी हळद लावली, कुणी वरून चुना.
एकानं आवाज उतरवून विचारलं, किती घेतोस रोज?
मी घेत नाही.
म्हणजे हळदीच्या रात्री.
म्हणजे मांडवात, आग्रह झाला तर.

डॉक्टर निकुंभांनी सांध्यातून थेंबभर पाणी ओढलं,
जळगावला पाठवलं.
कागद आला : आत बारीक सुया आहेत.
सुया!
दुखत होतं तरी हसलो.
चाळीस वर्षं सुयांवर पोट भरलं,
मोडलेल्या सगळ्या इथं येऊन साठल्या म्हणायच्या.

"बोरीचं पात्र पाहिलंत ना मे महिन्यात?
पाणी आटतं, कडेला पांढरं उरतं.
रक्तातलं ते मूत्रपिंडानं धुऊन काढायचं,
तुमचं कमी पडतंय. घरातूनही आलं असेल.
वरून काळं मटण, कलेजी, बिअर, गोड सोडा,
शिवाय बीपीची ती लघवीची गोळी, ती बदलू."
डाळ बंद करू?
"डाळ खा. पाणी किती पिता?"

पाणी.
पाणी प्यालं की उठावं लागतं,
उठलं की टीप सुटते.
दुपारी समोरच्या गाडीवरून लाल सोडा यायचा,
तोही बसल्या जागी.

टेपवर सहा म्हणजे नवरीचं मनगट, बाहीचं टोक.
माझं रक्त नऊ पूर्णांक दोन.
सहाच्या खाली आणायचं, आणि तिथंच ठेवायचं.
रोज एक गोळी, दुखायचं थांबल्यावरही.
किती दिवस?
ते चष्म्यावरून नुसते बघत राहिले.

पहिल्या दोन महिन्यांत उलट दोनदा उठला.
गोळ्या गटारीत टाकणार होतो.
जुनं विरघळताना टोचतं, म्हणाले,
आणि जोडीला दुसरी, छोटी दिली.
कोकिळानं मशिनच्या खोबणीत
तेलाच्या डब्याशेजारी पाण्याची बाटली बसवली.
आता मी उठतो. टीप सुटते. परत धरतो.

बा लंगडायचा.
झिपरू शिंपी, पेठेत त्याला लंगड्याच म्हणत.
गिऱ्हाइकांना सांगायचा, बैलानं पाय दिला.
आमच्याकडे बैल कधीच नव्हता.
त्याच्या कानाच्या कडेला खडूचे दाणे होते,
आम्ही दोघं भाऊ ते मोजायचो, चार, मग सात.
वाटायचं, धंद्याचाच खडू,
कापताना उडून बसला असेल.

रात्री सुरतेला फोन लावला.
हिलाल, तुना अंगठा कसा शे?
मागे लूम खडखडत होता.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
"काही नही रे. पायवर बॉबिन पडनं व्हतं."

बॉबिन.
मी बाटलीतलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.
रगत तपाशी ले, म्हटलं. सकाळीच.
तो काहीतरी म्हणाला,
लूमच्या आवाजात ऐकू आलं नाही.
परत विचारलं.