गणपूर्तीअभावी

रविवार कारंजाच्या पुढे, भांड्यांच्या दुकानावर
आमची खोली. जिना इतका अरुंद
की तबला आणि डग्गा एका खेपेत वर जात नाहीत.
दुसऱ्या शनिवारी, साडेपाचला, सभा.
खाली आहेराच्या ताटांवर नावं घालायचं मशीन
किर्र चालू असतं;
कुणाच्या तरी लग्नाला आमचं इतिवृत्त साक्षी.

मी चिटणीस. मानद.
म्हणजे बिनपगारी, पण लेटरहेडवर बरं दिसतं.

त्या दिवशी आम्ही पाच होतो. घटना म्हणते, सहा.
सहावे क्षेमकल्याणी. गेल्या श्रावणात गेले.
बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात पडून आहे,
म्हणून कागदावर ते अजून विश्वस्त,
आणि मी दर महिन्याला त्यांच्या नावापुढे लिहितो
गैरहजर.
कारणाचा रकाना कोरा ठेवतो.

गायधनी सर म्हणाले, करा तहकूब.
अर्धा तास थांबायचं,
मग त्याच जागी, तीच माणसं, तेवढीच,
आणि आता चालतं.
एवीतेवी नियमांना काळीज नसतं म्हणतात,
हा एक मला कुणीतरी प्रेमानं लिहिलेला वाटतो.

चहा आला. फिरोज कोकणी
कारखान्यातून थेट, बोटांना ग्रीस,
त्यानं कागद कडेला धरून अर्ज वाचला:
सुरगाण्याच्या अलीकडच्या पाड्यावरून, चिंतामण भोये.
बोहाड्याचे मुखवटे रंगवायचे आहेत.
रावणाची दोन तोंडं फुगलीत ओलीनं.
गणपतीचा कान उंदरानं खाल्ला.
एकूण खर्च चार हजार दोनशे.

उंदीर घरचाच, असं अर्जात नव्हतं,
पण सगळे हसलो.

मग गांगुर्डे बोलले, खजिनदार.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
दुसऱ्यांसाठी नोटा मोजलेला माणूस,
रोज संध्याकाळी गेटवर झडती देऊन घरी गेलेला.
म्हणाले, खात्यात आहेत.
चेकला दोन सह्या लागतात. एक माझी.

खालचं मशीन नेमकं तेव्हाच थांबलं.

इंदुमतीबाई ताजनपुरे,
ज्या तीन वर्षं सांगत आल्या
की आपलं मंडळ गाण्याचं,
ही सोंगं त्यात बसत नाहीत,
त्यांनी विचारलं,
"कोणता कान? डावा की उजवा?"
कुणालाच माहीत नव्हतं.
त्यांनी पर्स उघडली.

टेबलावर तबल्याची हातोडी होती,
नोटा तिच्याखाली जमल्या.
सरांनी मफलरच्या आतून कुठूनतरी काढल्या.
फिरोजनं पाचशेची ठेवली, तिच्यावर अंगठा उमटला काळा.
गांगुर्ड्यांनी त्या न बघता मोजल्या,
खिडकीबाहेर पाहत,
आणि तीनशे कमी आहेत म्हणून
स्वतःच्या घातल्या.
सूचक कुणी नाही, अनुमोदक कुणी नाही.

सहाला सभा पुन्हा सुरू.
मी लिहिलं, आणि सगळ्यांनी खाली सह्या केल्या:
विषय क्रमांक चार. सुरगाण्याचा अर्ज.
तांत्रिक अडचणीमुळे निर्णय होऊ शकला नाही.
आयत्या वेळचे विषय नाहीत.
अध्यक्षांच्या आभारानं सभा संपली.

वैशाखात एक पुडकं आलं,
एसटीच्या कंडक्टरच्या हातून, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.
भोयेंकडे पावतीपुस्तक नाही.
त्यांनी जुना कान पाठवला होता,
कागदाच्या लगद्याचा, भाजलेल्या पापडाएवढा हलका,
कडेला दातांची बारीक नक्षी, आत शेंदराचा थर.

हिशेबनीस विचारतो, हे कशाचं व्हाउचर?
मी म्हणतो, असू द्या.
इतिवृत्ताच्या वहीत, त्या शनिवारच्या पानाशी
तो ठेवलाय. वही आता नीट मिटत नाही.

उजवा होता.
इंदुमतीबाईंना फोन करून सांगितलं.