दोन बोटं पाणी

फिल्टरखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला,
घरघर गेली.
उरली धार.
उंचावरून पडते म्हणून वाजते.

पत्र्याच्या भिंतीपलीकडं
मुखेडची प्रणिता, नीटचा अभ्यास, रात्रीचे दोन.
म्हणाली, काका, तुमचे मासे लई बोलतात.

उपाय सोपा आहे.
टाकीत दोन बोटं पाणी वाढवायचं,
धार बुडते, गप होते.
पण औसा रोडच्या आमच्या गल्लीत
नळ येतो रविवारचा रविवार,
आन् ही हंडे मोजून ठेवते.

सोमवारी मासे मुके.
गुरुवारी कुजबुज.
शनिवारी अख्खी खोली वाजते,
पलीकडून पोरगी ओरडते,
“उद्या नळ ना, काका?”

काल रात्री दार न वाजवता
कुणीतरी उंबऱ्यावर तांब्या ठेवून गेलं.
काठोकाठ.
वर जीवशास्त्राची वही झाकलेली.