फेस कमी येतो, हे खरं आहे

मॅनेजर साहेब,
तुमचं पत्र आलं त्या दिवशी रिठे उकळत होते,
मग बिंबलं पिळायची होती,
म्हणून उत्तराला आठवडा लागला.

तुम्ही लिहिता, फेस कमी येतो.
येतो कमी.
रिठ्याचा फेस लाजरा. हात बुडवला की वर येतो,
कुणी बघतंय म्हटलं की बसतो.
इथे देवबागेत एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला कर्ली,
मधल्या पट्टीवर आम्ही सहा बाया, दोन चुलाणं, चौदा पिंपं.
फेस बघायचा तर लोक पश्चिमेला तोंड करून बसतात.
आम्ही भांडी पूर्वेला घासतो.

पहिल्या वर्षी दारोदार हेच ऐकलं.
"फेस खंय गो? फेस नाय तर साबण कसलो?"
खानावळवाली चंद्रभागा तारी म्हणाली,
आणि कढई तिच्याच हातात लखलखत होती.
माझ्या तोंडाला आला फेस,
भांड्यांना नाही.

मग एकदा केलं मी ते. सांगून टाकते.
कुडाळच्या बाजारातून पांढरी पूड आणली,
वहीत 'किरकोळ' म्हणून लिहिली.
त्या महिन्यात खप दुप्पट.
मोरीचं पाणी माडाच्या आळ्यातून चरात,
चरातून कर्लीत.

रुजाय फर्नांडिस ओहोटीला तिसऱ्या काढते.
एका सकाळी आली, बोलली नाही,
पायरीवर परडी उलटी केली.
सगळ्या आ वासलेल्या. आत चिखल.

माझ्या पुडीनं झालं? ठाऊक नाही.
खाडीत होड्यांचं डिझेल असतं,
वरच्या गावांचं काय काय वाहून येतं.
रुजायही तसं म्हणाली नाही, परडी उचलून गेली.
पण वहीतला तो 'किरकोळ'
माझ्याच अक्षरातला, मला वाचवेना.

आता बाटल्यांचं.
खोलीमागे एक इवलीशी, रोज नवी, बत्तीस खोल्या.
गुणाकार केला मी : वर्षाला अकरा हजार सहाशे ऐंशी.
दर्या त्या परत आणून देतो, दर पावसाळ्यात देतो,
पण तोवर लेबल निघालेलं असतं,
कुणाची कोण ते ओळखता येत नाही.

माझ्याकडे पाच लिटरचे कॅन आहेत. अनामत पन्नास रुपये.
शैलेंद्र खोबरेकरचा टेम्पो मासळी टाकून रिकामा परतायचा,
तो आता रिकामे कॅन घेऊन परततो.
गेल्या साली दोनशे दहा गेले, एकशे नव्व्याण्णव आले.
एकात रॉकेल निघालं.
एकात उर्राक, ती कुणी संपवली विचारू नका.

बाटलीवर लिंबाचं चित्र लावता येणार नाही,
आत लिंबू नाही.
बिंबलं सरली की आमसुलाचं पाणी घालतो, रंग बदलतो.
दोन महिन्यांनी आंबूस वास येतो, तो लपवत नाही.
दर लिटरला साठ. उतरणार नाही,
मीठ शिरोड्याचं आहे, आणि सहा जणींची मजुरी
मी 'किरकोळ' खाली लिहीत नाही.

हे पटलं नाही तर ऑर्डर राहू दे.
पण आधी एवढं करा.
तुमच्या भटारखान्यात सत्यभामा आहे,
मागच्या दाराशी, पाटावर,
नमुन्याचा कॅन महिनाभर तिनेच वापरला.
बाजारात भेटली तर हात पुढे करून म्हणाली,
"बोटांक तेल लावचा लागणा नाय आता."
तिला विचारा. तुमच्या पत्रात तिचं नाव नव्हतं.

कळावे,
द्रौपदी चोपडेकर

ता. क.
तुमच्याकडे शिकलेले पाहुणे उतरतात.
रसायनातलं कळणारा कुणी आला तर विचारून ठेवा :
आठशे ग्रॅम पांढरी पूड उरली आहे,
दुहेरी पिशवीत, गाठ मारून, फडताळावर.
चार वर्षं झाली.
ती टाकायची कुठे?