चोरखिसा

मी कपडेपटावर होते, एवढंच.
वडगावातला आमचा माग थांबला तेव्हा
आई म्हणाली, सुई येते ना, मग नाटकात जा की.

अनसूया बेडकिहाळकर तेव्हा एकोणीस वर्षांची.
तहान अशी, की पहिल्या अंकाला तांब्या, दुसऱ्याला घागर.
मालक म्हणाले, बाई पाणी फार पिते, आवाज बसेल.
आवाज नाही बसला.
चोळ्या मात्र दर आठवड्याला मी आत घेत गेले,
म्हणून मला डॉक्टरांच्या आधी कळलं
की हिच्यातून काहीतरी गळतंय.

इन्सुलिनची बाटली ओल्या मडक्यात,
मडकं वाळूत, वाळूची पाटी पेटाऱ्यामागं.
खानापूर, नंदगड, चिकोडी,
मुक्काम तिथं मडकं.
पडदा पडला की मी निऱ्या सरकवायची,
मांडीत सुई, बाहेर तिसरी घंटा.
मालकांना सांगायचे, बाई देवाचं नाव घेतेय.

शालूच्या निऱ्यांत एक खिसा शिवला,
दोन बोटं जातील एवढा.
त्यात खडीसाखर.

पहिल्या रांगेतून कुंद्याचे पुडे यायचे,
गोकाकहून करदंट.
ती पुडा कपाळाला लावायची आणि खाली द्यायची,
तबलजीपासून दारवानापर्यंत आम्ही सगळे गुटगुटीत.
वास तरी घेतीस काय गे, मी विचारलं.
घेते की, म्हणाली. वासाला कोण मोजतंय.

संकेश्वरला, राणी विष पिते त्या प्रवेशात,
ती पडली चार ओळी आधीच.
टाळ्या. कडाडून.
मागून कुणीतरी ‘वन्स मोअर’ ओरडलं.
मी तशीच धावले, तोंडाला ना रंग ना पावडर,
निऱ्यांत हात घातला,
मेलेल्या राणीच्या गालात खडा सारला, चोळत बसले.
किती वेळ, आठवत नाही. पेटीवाला नुसता सूर धरून होता.
ती उठली, राहिलेल्या चार ओळी गायली
आणि पुन्हा, नीट, मेली.

त्या रात्री ती रंग पुसून पडद्यापुढं आली.
‘राणीला काही नव्हतं. मला आहे.
साखरेचा रोग. सक्करे रोगा.
तुमच्या गावातली पोरं वाळून जातात
आणि तुम्ही म्हणता बाहेरचं लागलं.
टिळकवाडीत डॉक्टर चौगले दोन खोल्यांत बसून
हे का होतं ते शोधतायत.
त्यांच्याकडं फ्रिज नाही.’

फ्रिज निपाणीच्या तंबाखूवाल्यांनी दिला.
मग दर प्रयोगाला दारात पत्र्याचा डबा.
मराठीत लिहिलं, एका रात्री डांबर फासलं.
कन्नडमध्ये लिहिलं, दुसऱ्यांनी फासलं.
तिसऱ्यांदा तिनं लाल रंगाचा नुसता थेंब काढला.
थेंबाला काना नाही, मात्रा नाही,
डबा भरला. चिल्लरच जास्त.

सिनेमात तिला सासूच मिळाली.
सात चित्रपटांत सुना छळल्या,
प्रत्येक सुनेमागं एक मनीऑर्डर टिळकवाडीला.
चौगले म्हणायचे, ही काचेची नळी तुमच्या चिमट्याची,
हे यंत्र तुम्ही त्या पोरीला उपाशी ठेवलंत त्याचं.
पोट धरून हसायची.
रक्तही दिलं, हवं तितक्यांदा.
घ्या, आयुष्यभर सुरात फिरलंय, बघा काय सापडतं.
नोंदवहीत पहिला आकडा तिचा, नाव नाही:
स्त्री. सुरुवात एकोणिसाव्या वर्षी. व्यवसाय: गाते.

काय सापडलं, मला विचारू नका.
डॉक्टर गेले. खोल्यांच्या आता नऊ झाल्यात.
शेवटी तिच्या पायाची दोन बोटं काढली,
तेव्हा म्हणाली, ताल हातानं धरते गे, पायानं नाही.

शालू माझ्याकडं आहे.
परवा ट्रंक उघडली तर मुंग्या,
काठावरून निऱ्यांत, निऱ्यांतून खिशात,
रांगेनं, तिकीट काढल्यासारख्या.
मी झटकणार होते.
झाकण तेवढं फटीवर ठेवलं.